एका कुलाचे दोन पक्षी : चांदवा आणि लाजरी पाणकोंबडी

हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी सकाळी कोल्हापूरच्या रंकाळ्यावर जा. चौपाटीवर फिरणाऱ्यांची वर्दळ सुरू झालेली असते आणि काठापासून दूर, उघड्या पाण्यावर काळ्या पक्ष्यांचा थवा संथपणे तरंगत असतो. "ती बघ काळी बदकं!" असे कोणीतरी आपल्या मुलाला सांगत असते. आता चौपाटीची गर्दी सोडून, जेथे काठाला अजून गवत, पाणकणीस आणि झुडपे शिल्लक आहेत तेथे थोडा वेळ शांत उभे राहा. झुडपाखालून एक पक्षी दबकत बाहेर येतो. पाठ काळसर, तोंड आणि छाती पांढरीशुभ्र. दोन पावले टाकतो, आखूड शेपूट झटक्यात वर उचलतो, चिखलात चोच मारतो आणि आपण जरा हललो की पुन्हा झुडपात दिसेनासा होतो. "पाणकोंबडी!" असे आपण म्हणतो.

या दोन नावांपैकी दुसरे बरोबर आहे. पहिले मात्र चूक. पाण्यावर तरंगणारा तो काळा पक्षी बदक नव्हेच. त्याचे नाव चांदवा. कपाळावरच्या पांढऱ्या टिळ्यामुळे त्याला वारकरी असेही म्हणतात. गंमत अशी की बदकाशी त्याचे जवळचे नाते नाही. नाते आहे ते काठावरच्या त्या लाजऱ्या पाणकोंबडीशी. दोघेही एकाच कुलातले. एक भर पाण्यात नांदतो, दुसरी चिखलात आणि झुडपात. एक थव्याने सर्वांसमोर वावरतो, दुसरी एकटी-दुकटी आणि लपतछपत. मग त्यांना भाऊबंद कशावरून म्हणायचे? आणि भाऊबंद असूनही ते इतके वेगळे का झाले? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना तळ्याबद्दलही बरेच काही समजते.

दोघांची ओळख

प्रथम चांदवा. याचे शास्त्रीय नाव फुलिका आट्रा. लिनीयसने १७५८ साली ते दिले. 'आट्रा' या लॅटिन शब्दाचा अर्थ काळा. लांबी सुमारे ४० सेंटिमीटर, वजन बहुधा ६०० ते ९०० ग्रॅमच्या दरम्यान. सर्वांग पाटीसारखे काळे, डोळे लाल. चोच पांढरी आणि ती पांढरी चोच थेट कपाळावर चढलेली. कपाळावरचा हा भाग पिसांचा नसून घट्ट, उघड्या त्वचेचा असतो. त्याला आपण कपाळढाल म्हणू. नर आणि मादी दिसायला सारखेच. चांदवा आपल्याकडे बारमाही राहतो आणि पावसाळ्यात वीणही करतो. पण हिवाळ्यात उत्तरेकडून पाहुणे चांदवे येतात तेव्हा मोठ्या तळ्यांवर त्यांची संख्या बरीच वाढते.

आता लाजरी पाणकोंबडी. हिचे शास्त्रीय नाव अमॉरॉर्निस फिनिक्युरस. पेनंट या ब्रिटिश निसर्गअभ्यासकाने १७६९ साली तिचे शास्त्रीय वर्णन केले. 'फिनिक्युरस' म्हणजे तांबड्या शेपटीची. शेपटीखालचा भाग विटकरी तांबडा असतो आणि चालताना ती शेपूट सारखी वर झटकत असल्याने तो रंग मधूनमधून चमकतो. लांबी सुमारे ३० सेंटिमीटर. वजन साधारण २०० ग्रॅम, म्हणजे चांदव्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढेच. चोच हिरवट पिवळी व मुळाशी लालसर, पाय पिवळसर आणि बोटे चांगलीच लांब. येथेही नर-मादी सारखेच दिसतात. तळ्याचा काठ, ओढा, पाणथळ भातशेती, ओढ्याकाठचा ऊस, गावातली एखादी दलदलीची कुंपणाची जागा, असे कुठेही थोडे पाणी आणि दाट आडोसा असला की तिचे भागते.

एरवी मुकाट असणारी ही पाणकोंबडी पावसाळा लागला की एकदम बोलकी होते. 'कुवाक्, कुवाक्, कुवाक्' असा घोष ती तासन् तास करते, ढगाळ दिवसात आणि रात्रीसुद्धा. या आवाजावरूनच अनेक भाषांत तिचे नाव पडले आहे. बंगालीत ती 'डाहुक', श्रीलंकेत सिंहली भाषेत 'कोरवक्का' आणि मलाय भाषेत 'रुआक-रुआक'. पक्षी दिसला नाही तरी आवाज सर्वांनी ऐकलेला असतो, हेच या नावांवरून कळते.

याउलट चांदव्याचा भर दिसण्यावर आहे. उघड्या पाण्यावर एकमेकांना पाहायला काहीच अडथळा नसतो. वीण सुरू झाली की आपल्या हद्दीत शिरलेल्या दुसऱ्या चांदव्यावर तो मान खाली घालून, पांढरी कपाळढाल पुढे करून धावून जातो. एवढ्याने भागले नाही तर दोघे पाण्यात जवळजवळ उभे राहून पायांनी लाथाळी करतात. दाट झाडीत राहणाऱ्याला आवाज उपयोगी, उघड्यावर राहणाऱ्याला खूण. संदेश एकच, 'ही जागा माझी आहे'. पण तो पोचवण्याचे साधन राहण्याच्या जागेनुसार बदलले.

पायांची गोष्ट

दोघांतला सर्वांत मोठा फरक पायांत आहे. एखाद्या पक्ष्याचा व्यवसाय काय हे ओळखायचे असेल तर त्याची चोच आणि पाय पाहावेत.

बदकाच्या पुढच्या तीन बोटांमध्ये कातडीचा सलग पडदा असतो, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले असेल. चांदव्याचे पाय तसे नाहीत. त्याची बोटे सुटी असतात. पण बोटाच्या प्रत्येक पेऱ्याला कडेने कातडीची चपटी, गोलसर पाळी असते, जशी आपल्या कानाची पाळी. चांदवा पाय मागे रेटतो तेव्हा या पाळ्या उघडतात आणि जास्तीत जास्त पाणी मागे ढकलले जाते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे पक्षी पुढे सरकतो. पाय पुन्हा पुढे आणताना मात्र पाळ्या मिटतात, त्यामुळे पाण्याचा विरोध कमी होतो. नावाडी वल्हे मागे रेटताना रुंद बाजूने रेटतो आणि पुढे आणताना पाण्याबाहेर उचलतो. चांदव्याला पाय बाहेर उचलायची गरज पडत नाही. त्याचे वल्हे पाण्यातच मिटते आणि उघडते.

पण मग बदकासारखा सलग पडदाच का नको? कारण चांदव्याला चालायचेही असते. तो काठावर येऊन गवत खुडतो, तरंगत्या वनस्पतींवर चढतो. सुट्या बोटांमुळे त्याला हे सोपे जाते. पोहणे आणि चालणे यांतली ही एक तडजोड आहे.

लाजऱ्या पाणकोंबडीच्या बोटांना पाळ्या नाहीत आणि पडदाही नाही. तिची बोटे नुसतीच लांब आणि सडपातळ. चिखलावर, पाण्यात पडलेल्या गवतावर किंवा तरंगत्या पानांवर चालताना ती दूरवर पसरतात. दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावर पडणारे बल. वजन तेवढेच ठेवून ते जास्त जागेवर पसरले की दाब कमी होतो. चिखलात रुतलेल्या गाडीच्या चाकाखाली फळी टाकतात त्यामागे हेच तत्त्व आहे. पाणकोंबडी आपल्या फळ्या पायालाच बांधून हिंडते असे म्हटले तरी चालेल. प्रसंग पडला तर तिला पोहता येते. पण तो तिचा रोजचा उद्योग नव्हे.

बदकासारखा, पण बदक नव्हे

आता नात्याकडे वळू. आपण पाण्यावर तरंगणारा प्राणी पाहतो आणि त्याला 'बदक' म्हणून मोकळे होतो. हा निष्कर्ष केवळ आकारावरून काढलेला असतो. सारख्या परिस्थितीत सारखेच काम करणारे जीव हळूहळू दिसायलाही सारखे होतात, मग त्यांचे पूर्वज वेगळे का असेनात. मासा आणि देवमासा यांचे उदाहरण तुम्हाला माहीत आहे. टिबुकली हा छोटा पाणपक्षी चांदव्याच्या कुलातला नाही, बदकांच्या कुलातलाही नाही. तरीसुद्धा तिच्या बोटांना चांदव्यासारख्याच पाळ्या असतात. लांब बोटांचा कमळपक्षी पाण्यावरच्या पानांवर पाणकोंबडीपेक्षाही झोकात चालतो; पण तोही वेगळ्याच कुलातला. तेव्हा पाळी किंवा लांब बोट ही नात्याची खूण म्हणून विश्वासार्ह नाही. ती कामाची खूण आहे.

नाते ठरवायला जास्त खोलवर पाहावे लागते. बदकाची चोच रुंद व चपटी असते आणि तिच्या आतल्या कडेला गाळणीसारखे बारीक दाते असतात. चांदव्याची चोच कोंबडीसारखी आखूड आणि टोकदार. बहुतेक बदकांत नर-मादींचे काम वेगळे असते, अंडी उबवते ती मादी. चांदवा आणि पाणकोंबडी यांत नर व मादी दोघेही पाळी लावून अंडी उबवतात. बदकाची पिल्ले पहिल्या दिवसापासून स्वतःचे अन्न स्वतः टिपतात. चांदव्याची आणि पाणकोंबडीची पिल्ले जन्मतः डोळे उघडी, लवयुक्त आणि चालती-पोहती असली, तरी त्यांना सुरुवातीला आईबाप चोचीने भरवतात. हाडांची रचना आणि अलीकडच्या काळात डीएनएची तुलना यांवरूनही हाच निर्णय मिळाला आहे. बदके ॲन्सेरिफॉर्मिस गणातली, तर चांदवा आणि पाणकोंबडी ग्रुइफॉर्मिस गणातल्या रॅलिडी कुलातली. याच गणात सारस आणि क्रौंच येतात. म्हणजे गणाच्या दृष्टीने पाहिले तर रंकाळ्यावरचा चांदवा बदकापेक्षा सारसाला जवळचा!

चांदवा आणि लाजरी पाणकोंबडी यांच्या मधला दुवा पाहायचा असेल तर तोही आपल्या तळ्यांवर आहे. लाल कपाळढाल आणि पिवळ्या टोकाची लाल चोच असलेली आणखी एक पाणकोंबडी असते. तिची बोटे लांब आणि बिनपाळीची, म्हणजे लाजरीसारखी. पण ती बराच वेळ पोहत असते आणि तिला कपाळढालही आहे, म्हणजे चांदव्यासारखी. डीएनएच्या अभ्यासातही ती चांदव्याला जवळची ठरली आहे आणि लाजरी त्याच कुलातल्या थोड्या दूरच्या शाखेवर आहे. एकाच कुटुंबात एक भाऊ शेतात राहावा, एक गावात आणि एकाने रोज जा-ये करावी, तसे हे तिघे आहेत.

अंगाची ठेवण आणि उड्डाण

पाणकोंबडीचे अंग दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे चपटे असते. समोरून पाहिले तर ती फारच अरुंद दिसते. दाट लव्हाळ्यातून पाते न हलवता सटकायला याचा उपयोग होतो. चांदव्याचे अंग त्या मानाने रुंद आणि फुगीर. त्याच्या दाट पिसांत हवा कोंडलेली राहते, म्हणून तो पाण्यावर सहज तरंगतो. पण हाच फायदा बुडी मारताना अडचणीचा होतो. अंगाने जितके पाणी बाजूला सारले जाते, त्या पाण्याच्या वजनाइतके बल त्याला वर ढकलते, हा आर्किमिडीजचा नियम. म्हणून चांदवा बुडी मारण्यापूर्वी पाण्यावरून छोटीशी उसळी घेतो, डोके खाली करून आत शिरतो आणि आत असेपर्यंत पाय मारत राहतो. पाय थांबले की तो बुचासारखा टुणकन् वर येतो. त्याच्या बुड्या बहुधा काही सेकंदांच्या आणि एक-दोन मीटर खोलीच्या असतात.

उडण्याच्या बाबतीत दोघेही आळशी. पाणकोंबडीला धोका वाटला तर ती आधी पळते. अगदीच नाइलाज झाला तर पाय लोंबकळत ठेवून थोडे अंतर उडते आणि पुन्हा झाडीत शिरते. चांदव्याचे शरीर पंखांच्या मानाने जड. अनेक बदके पाण्यावरून सरळ वर झेपावतात. चांदव्याला मात्र विमानासारखी धावपट्टी लागते. तो पंख फडफडवत, पाण्यावर पाय आपटत बरेच अंतर धावतो आणि पुरेसा वेग आल्यावरच हवेत उठतो. रंकाळ्यावर थव्यातले दहा-वीस चांदवे एकदम धावू लागले की होणारी पाण्याची चटचट काठावर ऐकू येते.

पण या आळशीपणावरून फसू नका. हेच चांदवे रात्रीच्या वेळी शेकडो किलोमीटरचे स्थलांतर करतात. लाजरी पाणकोंबडी अरबी समुद्र ओलांडून मालदीव बेटांवरही पोचली आहे आणि तेथे कायमची राहते. या कुलातले पक्षी जगातल्या कितीतरी दूरदूरच्या बेटांवर पोचले. तेथे त्यांना मारणारे सस्तन प्राणी नव्हते. उडण्यासाठी लागणारे मोठे स्नायू पोसणे महागाचे काम असते. गरजच नसेल तर ते का पोसावेत? हजारो पिढ्यांत अशा अनेक बेटांवरच्या जातींचे पंख दुबळे झाले आणि त्या उडायच्या थांबल्या. पुढे माणसाबरोबर उंदीर, मांजरे तेथे पोचली तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जाती नष्ट झाल्या. न्यूझीलंडमधला ताकाहे हा न उडणारा पक्षी आपल्या तळ्यांवरच्या जांभळ्या पाणकोंबडीचा नातलग. १८९८ नंतर तो कोणाला दिसला नाही, म्हणून तो संपला असे समजले गेले. १९४८ साली डोंगराळ भागात तो पुन्हा सापडला. तेव्हापासून त्याला काळजीपूर्वक जपले जात आहे.

अन्न आणि संसार

चांदवा मुख्यतः शाकाहारी. पाण्याच्या तळाशी वाढणाऱ्या वनस्पतींचे कोवळे शेंडे तो बुडी मारून तोडतो, वर आणतो आणि पाण्यावर बसून खातो. वर आणलेला घास पळवण्यासाठी काही बदके त्याच्या आसपास घोटाळत असतात. बुडी न मारता फुकटात खोल पाण्यातला पाला मिळाला तर कोणाला नको? शिवाय कीटक, गोगलगाई, लहान मासे हेही तो अधूनमधून खातो. लाजरी पाणकोंबडी मिश्राहारी. किडे, गांडुळे, गोगलगाई, लहान मासे, बिया, कोवळे कोंब, काठावर जे मिळेल ते तिला चालते.

घरटेही आपापल्या स्वभावाप्रमाणे. पाणकोंबडी काठाजवळच्या झुडपात काटक्या आणि पात्यांची उथळ वाटी करते आणि तीत सहा-सात अंडी घालते. चांदवा उथळ पाण्यातच, पाणकणसाच्या किंवा लव्हाळ्याच्या आधाराने पाल्याचा ढीग रचतो. त्यात बहुधा सहा ते दहा अंडी असतात आणि पिल्ले बाहेर यायला सुमारे तीन आठवडे लागतात. पाणकोंबडीची पिल्ले संपूर्ण काळी, म्हणजे सावलीत न दिसणारी. चांदव्याच्या पिल्लाचे डोके मात्र लालभडक आणि मानेभोवती नारिंगी पिवळ्या लवेची झालर असते.

ही भडक पिसे कशासाठी? याचा शोध चांदव्याचा अमेरिकेतला भाऊ, अमेरिकी चांदवा याच्यावर घेण्यात आला. कॅनडातील तळ्यांवर ब्रूस लायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही पिल्लांच्या नारिंगी पिसांची टोके कातरली आणि त्यांना काळे केले. बाकीच्यांची तशीच ठेवली. ज्या घरट्यांत दोन्ही प्रकारची पिल्ले होती तेथे आईबापांनी नारिंगी पिल्लांना जास्त भरवले. हा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. पुढे २००३ साली लायन यांनी आणखी एक आश्चर्यकारक गोष्ट दाखवून दिली. या जातीत माद्या शेजारणीच्या घरट्यात गुपचूप अंडी घालतात. काही यजमान माद्या परकी अंडी रंगरूपावरून ओळखतात आणि आपली किती अंडी झाली हे मोजताना परकी अंडी वगळतात! पक्षी मोजू शकतात याचा निसर्गात मिळालेला हा एक चांगला पुरावा मानला जातो.

तुलना एका दृष्टिक्षेपात

आतापर्यंतची माहिती थोडक्यात अशी मांडता येईल :

• राहण्याची जागा : चांदवा, उघडे पाणी. पाणकोंबडी, काठ व झाडी.
• रंग : चांदवा, काळा, चोच व कपाळ पांढरे. पाणकोंबडी, पाठ काळसर, छाती पांढरी, शेपटीखाली तांबडी.
• बोटे : चांदवा, पाळ्यांची. पाणकोंबडी, लांब, बिनपाळीची.
• अंग : चांदवा, रुंद व फुगीर. पाणकोंबडी, बाजूंनी चपटे.
• अन्न : चांदवा, मुख्यतः पाण्याखालच्या वनस्पती. पाणकोंबडी, किडे, गोगलगाई, बिया, कोंब.
• वावर : चांदवा, हिवाळ्यात थव्याने. पाणकोंबडी, एकटी किंवा जोडीने.
• संदेश : चांदवा, कपाळढाल दाखवून. पाणकोंबडी, आवाजाने.
• सारखेपणा : नर-मादी सारखे, दोघे मिळून अंडी उबवतात, पिल्लांना भरवतात.

तळे कसे आहे हे पक्षी सांगतात

ही तुलना केवळ परीक्षेच्या उत्तरासाठी नाही. तळे म्हणजे नुसते साठलेले पाणी नव्हे. त्याला पट्टे असतात. बाहेरच्या बाजूला चिखल, गवत आणि झुडपे यांचा काठ. त्याच्या आत पाणकणीस, लव्हाळे असलेले उथळ पाणी. आणि त्याच्याही आत खोल, उघडे पाणी. लाजरी पाणकोंबडी बाहेरच्या पट्ट्याची रहिवासी, चांदवा आतल्या पट्ट्याचा. मधला पट्टा दोघांच्याही कामाचा, कारण चांदव्याला घरटे बांधायला तोच लागतो.

आता समजा, तळ्यात सांडपाणी मिसळू लागले. सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरसची संयुगे येतात. ती वनस्पतींचे खतच. त्यामुळे शेवाळ वाढून पाणी हिरवे होते, नाहीतर केंदाळ पसरते. केंदाळ ही मूळची दक्षिण अमेरिकेतली वनस्पती. पाहता पाहता ती सारे पाणी झाकून टाकते. कोल्हापूरकरांनी रंकाळ्यावर या दोन्ही गोष्टी अनुभवल्या आहेत आणि त्याविरुद्ध आवाजही उठवला आहे. अशा पाण्यात प्रकाश खाली पोचत नाही. तळाशी वाढणाऱ्या वनस्पती मरतात आणि चांदव्याचे ताट रिकामे होते. लाजऱ्या पाणकोंबडीला मात्र केंदाळावर चालता येते, तेथे किडे आणि गोगलगाईही मिळतात. ती काही काळ टिकून राहते. म्हणजे केंदाळावर पाणकोंबड्या दिसल्या म्हणून तळे ठणठणीत आहे असे समजू नये.

उलट बाजूही पाहा. तळे 'सुंदर' करायचे म्हणून काठचे सगळे गवत, पाणकणीस आणि झुडपे काढून टाकली, सभोवार दगडी भिंत आणि फरसबंदी केली, तर पाणी स्वच्छ असले तरी पाणकोंबडीला राहायला जागा उरत नाही. हिवाळी पाहुणे म्हणून चांदवे येतील, भिंतीवरून ते छान दिसतीलही. पण पावसाळ्यात त्यांना घरटे करायला आधार मिळणार नाही. शिवाय काठचे गवत वाहून येणारा गाळ अडवते, हे काम भिंत करत नाही. केंदाळ काढणे आणि काठाचे गवत काढणे या दोन्हींना आपण 'स्वच्छता' म्हणतो. परंतु तळ्याच्या दृष्टीने त्या परस्परविरुद्ध गोष्टी आहेत. पहिलीमुळे आतल्या पट्ट्याला जीवदान मिळते, दुसरीमुळे बाहेरचा पट्टा मरतो. दोन्ही पक्षी आपापल्या जागी नांदताना दिसले, तरच दोन्ही पट्टे जिवंत आहेत असे म्हणता येईल.

तुम्ही काय कराल?

यासाठी महागडी साधने लागत नाहीत. एक वही, पेन्सिल आणि मिळाली तर शाळेची दुर्बीण पुरे. रंकाळा, कळंबा किंवा तुमच्या गावचे कोणतेही तळे निवडा. काठावरची एक जागा ठरवा आणि दर रविवारी ठरावीक वेळी तेथे अर्धा तास बसा. वहीत तीन रकाने आखा : काठ, उथळ पाणी, खोल पाणी. प्रत्येक रकान्यात किती चांदवे आणि किती पाणकोंबड्या दिसल्या ते लिहा. पाणकोंबडी दिसली नाही, पण आवाज आला, तर तसे स्वतंत्र नोंदवा. केंदाळ किती पसरले आहे, काठाला गवत आहे की भिंत, पाण्याचा रंग कसा आहे, हेही लिहा.

एका दिवसाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नका. हिवाळ्यात चांदवे वाढतात ते पाहुण्यांमुळे आणि पावसाळ्यात पाणकोंबड्या 'वाढल्या' असे वाटते ते त्या ओरडू लागतात म्हणून. म्हणून निदान एक वर्षभर नोंदी ठेवा. दोन वर्षे ठेवल्यात तर एका वर्षाची दुसऱ्याशी तुलना करता येईल. पक्ष्यांना पाव टाकू नका, घरट्याजवळ जाऊ नका, दगड मारून त्यांना उठवू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या दोन्ही पक्ष्यांना संरक्षण दिले आहे. शिक्षकांनी एका वर्गाची वही पुढच्या वर्गाकडे सोपवली, तर काही वर्षांत शाळेकडे आपल्या तळ्याचा असा इतिहास जमा होईल, जो दुसरीकडे कोठेही लिहिलेला सापडणार नाही.

आणि पुढच्या वेळी रंकाळ्याच्या काठावर कोणी "ती बघ काळी बदकं!" म्हणाले, तर त्यांना नम्रपणे सांगा, "काका, ते चांदवे. त्यांची बहीण त्या झुडपात आहे. जरा गप्प उभे राहिलो, तर तीही दिसेल."